ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘पी’मध्ये अडकला तर काय करायचं

गिअरचा लिव्हर ‘पी’मधून, म्हणजे पार्कमधून, निघत नसेल तर त्याच्याशी झटापट थांबवा आणि आधी एवढंच बघा: ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का? कोणाला तरी गाडीमागे उभं करा. कोणी नसेल तर मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात पाहा. या एका तपासणीत अर्धं निदान होतं, कारण ब्रेक लाईट लावणारा आणि लिव्हरचं कुलूप उघडणारा स्विच बहुतेक गाड्यांत एकच असतो. बॅटरी ठीक असूनही दिवे बंद आणि लिव्हर अडकलेला, असं असेल तर दुखणं एकच आहे आणि ते ब्रेक पेडलपाशी किंवा फ्यूज बॉक्समध्ये सापडेल. जोर लावून लिव्हर ओढला तर मात्र कन्सोलमधली, म्हणजे लिव्हर ज्यात बसवलेला असतो त्या दोन सीटमधल्या भागातली, प्लास्टिकची खिट्टी तुटते आणि काही शे रुपयांचं काम अख्खी लिव्हर असेंब्ली बदलण्यावर जातं.

हे सगळं लागू आहे ते टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांना. मारुतीच्या एजीएससारख्या बहुतेक एएमटी गाड्यांत (साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) ‘पी’ नसतोच, त्या गिअरमध्ये टाकून आणि हॅन्डब्रेक ओढून उभ्या करायच्या असतात.

आत दोन अडसर असतात

‘पी’मध्ये गाडी दोन ठिकाणी अडवलेली असते आणि दोन्हींची दुखणी वेगळी आहेत.

पहिला अडसर लिव्हरच्या बुडाशी, कन्सोलच्या आत. तिथे एक छोटं सोलेनॉइड असतं, म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात मागेपुढे सरकणारी लोखंडी कांडी. इग्निशन चालू असताना ब्रेक दाबला की स्विचचा संकेत जातो, सोलेनॉइडला १२ व्होल्ट मिळतात, कांडी सरकते आणि लिव्हरची वाट मोकळी होते. या साखळीतली एकही कडी तुटली, म्हणजे बॅटरी, फ्यूज, स्विच, वायर किंवा सोलेनॉइड यांपैकी काहीही गेलं, तर लिव्हर जागचा हलत नाही.

दुसरा अडसर गिअरबॉक्सच्या पोटात. तिथे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चाक असतं आणि त्याच्या खाचेत जाड पोलादी दात येऊन बसतो. ‘पी’मध्ये गाडी ढकलली तरी जात नाही ती या दातामुळे. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते, ती हा दात उचलते आणि टेकवते.

लिव्हरचं कुलूप आलं ते १९८० च्या दशकातल्या एका मोठ्या वादानंतर. अमेरिकेत ऑडी ५००० ‘पी’मधून काढताच आपोआप उसळते अशा तक्रारी आल्या. १९८९ मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेच्या अभ्यासातून निघालं की अशा बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. ब्रेकवर पाय असल्याशिवाय ‘पी’ सुटूच नये, हा त्यावरचा सरळ उपाय. मागे लहान मुलांचा प्रश्नही होता: उभ्या गाडीत खेळताना मुलाने लिव्हर ओढला आणि गाडी घरंगळली, असे अपघात होत. म्हणून १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या हलक्या ऑटोमॅटिक वाहनांना अमेरिकेत हे कुलूप सक्तीचं झालं. कुलूप कायमचं काढून टाकायचा सल्ला गॅरेजमध्ये मिळाला तर ते कशासाठी बसवलं आहे ते लक्षात असू द्या.

हत्यार हातात घेण्याआधी

इग्निशन खरोखर ‘ऑन’ आहे का? चावी ‘ॲक्सेसरी’वर असेल तर रेडिओ लागतो, पण बऱ्याच गाड्यांत कुलूप सुटत नाही. डॅशबोर्डवरचे सगळे इशारादिवे लागले पाहिजेत. बटणाने सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकला पाय न लावता बटण दोनदा दाबलं की ‘ऑन’ होतं.

मग पेडल. इंजिन बंद असताना ब्रेक तीन-चार वेळा दाबला की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. अशा वेळी नेहमीच्या दाबाने ते स्विच बदलण्याइतकंही खाली जात नाही. गाडी सुरू होत नाही, लिव्हर निघत नाही, आणि माणसाला वाटतं मोठा बिघाड झाला. पायाचा पूर्ण जोर लावून पेडल दाबून धरा, इंजिन सुरू करा. सुरू होताच पेडल पायाखाली किंचित खचेल, ते तसंच व्हायला हवं. त्यानंतर लिव्हर काढून बघा. पेडलमागे घरंगळलेली पाण्याची बाटली किंवा दुमडलेली मॅटही पेडलला पूर्ण जाऊ देत नाही, तेव्हा एकदा वाकून बघाच.

बॅटरी उतरलेली असेल तर सोलेनॉइड ओढायला ताकद उरत नाही. स्टार्टरचा नुसता कटकट आवाज, मिणमिणते दिवे ही तिची खूण. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आकडा गेला की ती उतरलीच समजा. जम्प देताना, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज देताना, लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्याचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट्या क्रमाने.

गाडी बटणाची असेल तर आणखी एक खूण मिळते. ब्रेक स्विच गेला की इंजिनही सुरू होत नाही, कारण बटणालाही ब्रेकचा संकेत लागतो. काही कंपन्यांच्या, उदाहरणार्थ ह्युंदाईच्या पुस्तिकेत यावर उतारा दिलेला असतो: ‘ॲक्सेसरी’ स्थितीत बटण दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं की इंजिन सुरू होतं. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ही सोय आहे का ते आधीच बघून ठेवलेलं बरं.

क्लिक ऐका

आता गाडीतला पंखा आणि रेडिओ बंद करा, इग्निशन ‘ऑन’ ठेवा, कान कन्सोलजवळ न्या आणि ब्रेक दाबा-सोडा. लिव्हरच्या बुडाशी प्रत्येक वेळी बारीक ‘टक्’ ऐकू यायला हवं. तळहात कन्सोलवर ठेवला तर ते हाताला जाणवतंही.

टक् ऐकू येतं पण लिव्हर निघत नाही: वीज पोचते आहे, अडचण यांत्रिक आहे. लिव्हरचं बटण, आत सांडलेलं काही, केबल किंवा उतार.

टक् नाही आणि ब्रेक लाईटही नाहीत: फ्यूज किंवा ब्रेक स्विच.

टक् नाही पण ब्रेक लाईट लख्ख लागतात: सोलेनॉइड, त्याचा वेगळा फ्यूज, कन्सोलमधली वायर किंवा स्विचमधला दुसरा संपर्क.

आत्ताच्या आत्ता गाडी हलवायची असेल तर

जवळपास प्रत्येक लिव्हरवाल्या गाडीत कुलूप हाताने सोडवायची सोय असते. लिव्हरशेजारी नखाएवढी चौकोनी झाकणी दिसेल, किंवा ‘शिफ्ट लॉक’ असं लिहिलेलं बटण. काही गाड्यांत लिव्हरभोवतीचं चामड्याचं आवरण चौकटीसकट वर उचलावं लागतं आणि खाली एक छोटी प्लास्टिकची पट्टी सापडते.

हॅन्डब्रेक पूर्ण ओढा. चाकाला उताराच्या बाजूने वीट किंवा लाकडी गुटका लावा. इग्निशन बंद करा, म्हणजे गाडी चुकून सुरू राहणार नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून झाकणी अलगद उचला, नुसतं टोक लावलं तर कन्सोलवर कायमचा ओरखडा उठतो. डावा-उजवा पाय काही असो, एक पाय ब्रेकवर घट्ट असू द्या. मग खाचेत चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर सरळ खाली दाबून धरा, लिव्हरचं बटण दाबा आणि लिव्हर ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, आणा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत या खाचेत गाडीची चावीच घालायची असते. ‘एन’मध्ये आल्यावर इंजिन सुरू करता येतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ब्रेक लाईट लागत नसताना कुलूप सोडवून गाडी रस्त्यावर काढली, तर मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय हे कळणारच नाही. लिव्हर अडकला म्हणून तुम्हाला कळलं की दिवे गेले आहेत. कुलूप सोडवल्यावर ती खूण नाहीशी होते, दिवे मात्र बंदच राहतात. गाडी पार्किंगमधून बाहेर ढकलायला किंवा टोवाल्या ट्रकवर चढवायला हा उपाय वापरा. एक्स्प्रेस वेवर जायला नको.

उतारावर उभी गाडी

महाबळेश्वरच्या बाजारात किंवा घाटातल्या एखाद्या हॉटेलसमोर उतारावर गाडी लावली, पाय ब्रेकवरून काढला, आणि मग हॅन्डब्रेक ओढला. तेवढ्या क्षणात गाडी चार बोटं सरकते आणि तिचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या त्या एका दातावर येऊन बसतं. परत येऊन लिव्हर काढायला गेलं की तो जड होतो, बटण दाबलं जातं पण लिव्हर हलत नाही. निघालाच तर गाडीखालून ‘खाड्’ असा आवाज येतो. तो आवाज दाब सुटल्याचा आहे. कधीमधी झालं तर गिअरबॉक्सला काही होत नाही, रोज झालं तर दात आणि खाचेच्या कडा झिजतात.

सोडवायचा मार्ग एकच: दातावरचं वजन काढायचं. दोन-तीन जणांना गाडी चढाच्या दिशेने ढकलायला सांगा. अंगुळभर सरकली तरी पुरते. तुम्ही आत बसून ब्रेक दाबून ठेवला असेल तर ती सरकणार नाही. तेव्हा ढकलणाऱ्यांनी जोर लावला की क्षणभर ब्रेक सैल करा, गाडी वर सरकताच पुन्हा घट्ट दाबा आणि लगेच लिव्हर काढा. ढकलणारे गाडीच्या उताराकडच्या बाजूला उभे राहणार, म्हणून चाकामागे गुटका लावल्याशिवाय हे करू नका आणि माणसं गाडीच्या कोपऱ्यांशी उभी करा, मधोमध नको. उतार तीव्र असेल तर माणसांऐवजी दुसऱ्या गाडीने दोर लावून वर ओढणं जास्त सुरक्षित.

पुढच्या वेळी लावताना क्रम असा ठेवा: ब्रेक दाबून थांबा, लिव्हर ‘एन’मध्ये घ्या, हॅन्डब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय सैल करा म्हणजे गाडी हॅन्डब्रेकवर बसेल, पुन्हा ब्रेक दाबा आणि मग ‘पी’. निघताना उलट: आधी ‘पी’मधून काढा, मग हॅन्डब्रेक सोडा. सपाट जागेवर लावतानाही हीच सवय लागली तर उतारावर वेगळं आठवावं लागत नाही.

फ्यूज

गाडीच्या पुस्तिकेतल्या नकाशात ‘स्टॉप’ नावाचा फ्यूज शोधा. तो बऱ्याचदा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १० चा लाल, १५ चा निळा. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा हॉर्नही वाजत नसेल तर इकडे तिकडे शोधायची गरज नाही. उजेडात धरून आतली तार तुटली आहे का बघा आणि तितक्याच अँपिअरचा नवा लावा. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

नवा फ्यूज ब्रेक दाबताच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आधी डिकीच्या बिजागरीपाशी बघा. झाकण हजारदा उघडून-मिटून तिथल्या रबरी नळीतल्या वायरी भेगाळतात आणि वरच्या ब्रेक लाईटची वायर पत्र्याला टेकते. मग बाहेरून बसवलेले एलईडी बल्ब, बंपरचे जादा दिवे, पावसाचं पाणी शिरलेला मागचा लाईट होल्डर. उंदरांनी कुरतडलेली वायर हे कारणही मनात असू द्या, विशेषतः गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी असेल तर.

ब्रेक स्विच

फ्यूज ठीक असेल तर चालकाच्या पायाशी जायचं. सीट मागे घ्या, मोबाइलचा टॉर्च लावा आणि पेडलचा दांडा वर जिथे जातो तिथे बघा. दांड्याला टेकलेला, दोन किंवा चार वायरींचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) असलेला अंगठ्याएवढा भाग म्हणजे ब्रेक स्विच. पेडल सुटं असताना दांडा त्याचा खटका दाबून ठेवतो आणि दिवे बंद राहतात. पेडल दाबलं की दांडा दूर जातो, खटका बाहेर येतो, संपर्क जुळतो.

म्हणजे पहिली परीक्षा हातानेच होते. कपलर तसाच ठेवून पेडल दाबा आणि खटका स्वच्छ बाहेर येतो का बघा. आत अडकून राहत असेल तर स्विच गेला. मल्टिमीटरने तपासायचं तर दोन वायरींपैकी एकीवर कायम १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत, इग्निशन बंद असतानाही, कारण ब्रेक लाईट चावीशिवायही लागतात. दुसरीवर फक्त पेडल दाबल्यावर. पहिलीवरच नसतील तर परत फ्यूजकडे. पहिलीवर आहेत, पेडल दाबूनही दुसरीवर येत नाहीत, तर स्विच बदला. चार वायरींच्या स्विचमध्ये दोन संपर्क असतात, एक दिव्यांसाठी आणि दुसरा गाडीच्या कंप्युटरसाठी. दिवे लागूनही लिव्हर अडकण्यामागे पुष्कळदा हा दुसरा संपर्क असतो. गाडीचे दोष वाचणारा स्कॅनर लावला तर पी०५०४ किंवा पी०५७१ असा कोड दिसेल, दोन्ही ब्रेक स्विचचेच.

आता त्या दांड्यावरची एक बारीकशी वस्तू बघा, फार थोडे लोक बघतात. खटका जिथे टेकतो तिथे दांड्याला भोक असतं आणि त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान अशी रबराची किंवा प्लास्टिकची टोपी बसवलेली असते. वर्षानुवर्षं ठोके आणि उन्हाचा ताप खाऊन ती कडक होते आणि एके दिवशी तिचे तुकडे पडतात. मॅटवर, पेडलच्या बरोबर खाली, करकरीत भुग्यासारखे कण दिसले तर ते तिचेच. टोपी गेली की खटका भोकातून आरपार जातो आणि स्विचला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. मग ब्रेक लाईट रात्रभर जळतात, सकाळी बॅटरी उतरलेली, आणि म्हणून लिव्हर अडकलेला. नवीन बॅटरी टाकूनही आठवड्याभरात पुन्हा तेच. शिवाय चांगल्या बॅटरीवर हीच गाडी ब्रेक न दाबता ‘पी’मधून निघते, जे अडकण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात ‘ब्रेक पेडल स्टॉपर’ म्हणून मागा, अगदी स्वस्तात मिळतो. मिळेपर्यंत त्या भोकात चपट्या डोक्याचा छोटा प्लास्टिकचा नट-बोल्ट बसवून काम भागतं.

स्विच बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. कपलरची जीभ दाबून तो काढा. नव्या गाड्यांत स्विच थोडा फिरवला की सुटतो, जुन्यांत लॉक नट असतो. नटवाला बसवताना खटका पूर्ण दाबला गेल्यावर स्विचचं अंग आणि टोपी यांत साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर फट ठेवा. नेमका आकडा आपल्या गाडीचा घ्या. फट जास्त झाली तर दिवे लागलेलेच राहतात. स्विच फार पुढे आला तर तो पेडलच दाबून धरतो, ब्रेक किंचित लागलेले राहतात आणि चाकं तापतात.

लिव्हरखालचा भाग

चहा, उसाचा रस, कोल्ड्रिंक. साखरेचं पाणी कन्सोलमध्ये उतरलं की दोन दिवसांत त्याचा पाक होतो आणि सोलेनॉइडची कांडी, लिव्हरचं बटण दोन्ही चिकटतात. खूण अशी की बटण दाबलं जातं पण परत वर यायला वेळ घेतं. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. पेट्रोल वापरू नका, प्लास्टिक आणि रबर खराब होतं. डब्ल्यूडी-४० ने तेवढ्यापुरतं सुटेल, पण तिथे धूळ धरते. बिजागरीच्या जागी किंचित पांढरं लिथियम ग्रीस पुरे. लिव्हरच्या खाचेतून आत गेलेलं टोलचं एखादं नाणंही बरोबर अडसराखाली जाऊन बसतं, ते चिमट्याने काढा.

कन्सोल उघडायचा असेल तर आधी बॅटरीचं मायनस काढा आणि काही मिनिटं थांबा. एअरबॅगचा कंट्रोलर बऱ्याच गाड्यांत याच भागात असतो, पिवळ्या कपलरना हात लावू नका. सोलेनॉइडचा कपलर काढून त्याच्या दोन टोकांवर ओहम मोजा; मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर वेटोळं तुटलं आहे.

केबलचं दुखणं वेगळं ओळखू येतं. लिव्हर सहज ‘डी’मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, जातो, पण गाडी ‘पी’मध्येच अडलेली राहते. गिअरबॉक्सच्या टोकाशी केबल धरणारा प्लास्टिकचा बुश तुटलेला असतो. याचीच उलट बाजू जीवघेणी आहे: लिव्हर ‘पी’ दाखवतो आणि आत दात टेकलेलाच नसतो. याच बुशच्या दोषासाठी फोर्डने २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. लिव्हर अचानक सैल, पोकळ लागू लागला तर हॅन्डब्रेकशिवाय गाडीतून उतरू नका.

गोल नॉब किंवा बटणांच्या गाड्या

यांत केबल नसते, दात मोटर उचलते. विजेच्या गाडीत चार्जिंगची पिन लागलेली असताना ‘पी’ सुटत नाही, तेव्हा आधी ती बघा. छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. १२ व्होल्टला जम्प दिला की बहुतेक वेळा काम होतं. बाकी दुरुस्ती स्कॅनरशिवाय होत नाही.

टोइंगची वेळ आली तर पुढची चाकं ‘पी’मध्ये अडलेली असताना गाडी फरफटत नेऊ देऊ नका. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीची पुढची चाकं उचललेली किंवा ट्रॉलीवर हवीत, फोर व्हील ड्राइव्ह गाडी पूर्ण फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या टो ट्रकवर. तळघरात फ्लॅटबेड येत नाही, म्हणून वर दिलेल्या रीतीने ‘एन’मध्ये आणून ढकलत बाहेर काढावी लागते.

दुरुस्तीनंतर सपाट जागी, हॅन्डब्रेक ओढून, तीन गोष्टी तपासा. ब्रेक दाबून लिव्हर दहा वेळा ‘पी’मधून काढा-घाला, एकदाही अडखळता कामा नये. ब्रेक न दाबता लिव्हर ओढून बघा, तो निघताच कामा नये. आणि अंधार पडल्यावर गाडी बंद करून मागे चक्कर मारा: तिन्ही ब्रेक लाईट विझलेले दिसले पाहिजेत.